राजा कोणाचा? एल्विस प्रेस्लीची चरित्रं आपण का आणि कशी वाचावीत



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर एक पोस्टर दाखवलं. त्यावर एल्विस प्रेस्लीचा फोटो होता आणि खाली त्याच्या तोंडी एक वाक्य होतं: काळ्या लोकांनी माझे बूट पुसावेत आणि माझ्या रेकॉर्ड विकत घ्याव्यात, त्यांचा तेवढाच उपयोग. पोरगं संतापलं होतं. "सर, हा बघा तुमचा रॉक अँड रोलचा राजा! चोर आणि वर जातीयवादी!"

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका सवर्ण सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला याच एल्विसचं उदाहरण दिलं होतं, पण उलट्या बाजूने. "दोन खोल्यांच्या घरात जन्मलेला, ट्रक चालवणारा मुलगा जगाचा राजा झाला. त्याला कुठलं आरक्षण होतं? अंगात गुण असले की कोणी अडवू शकत नाही."

माणूस एकच. एक त्याला मेरिटचा पुतळा करून आपल्या अंगावर घालतो, दुसरा त्याला खलनायक करून जाळायला निघतो. दोघांत एक गोष्ट समान आहे: दोघांनीही त्याचं एकही चरित्र वाचलेलं नाही. मी वाचली. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे आणि माझं भांडण या दोघांशीही आहे.

आधी आपल्या बाजूची चूक

सुरुवात घरापासून करू. बूट पुसण्याचं ते वाक्य एल्विस बोलल्याचा कोणताही पुरावा नाही. हे मी सांगत नाही. १९५७ मध्ये 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने या अफवेचा शोध घ्यायला आपला वार्ताहर पाठवला. कोणी म्हणत होतं तो बोस्टनमध्ये हे बोलला, कोणी म्हणत होतं टीव्हीवर एडवर्ड मरोच्या कार्यक्रमात बोलला. बोस्टनला तो तोवर गेलेलाच नव्हता आणि मरोच्या कार्यक्रमात तो कधी आलाच नव्हता. वार्ताहराने एल्विसला थेट गाठलं, त्याला ओळखणाऱ्या काळ्या लोकांना विचारलं आणि अफवेत तथ्य नाही असं छापलं. एल्विसने त्या मुलाखतीत हेही मान्य केलं की हे संगीत त्याने सुरू केलेलं नाही, ते काळ्यांचं आहे आणि फॅट्स डॉमिनोसारखं आपल्याला गाता येत नाही.

लक्षात घ्या, शोध कोणी घेतला? ज्यांचा अपमान झाल्याचं म्हटलं जात होतं त्यांनीच. राग होता, तरी आधी पुरावा मागितला. आपण मात्र सत्तर वर्षांपूर्वी तपासून बाजूला टाकलेली अफवा पोस्टर करून फिरवतो. बाबासाहेबांनी ग्रंथच्या ग्रंथ पालथे घालून एकेक विधान सिद्ध केलं. त्यांच्या अनुयायाने खोटं वाक्य पुढे पाठवावं यासारखी लाजेची गोष्ट नाही. आणि यात व्यवहाराचाही तोटा आहे. खोटा पुरावा पकडला गेला की समोरचा तुमचा खरा पुरावाही ऐकत नाही. इथे खरा पुरावा भरपूर आहे आणि तो त्या खोट्या वाक्यापेक्षा शंभरपट भेदक आहे.

चरित्रं काय सांगतात

एल्विसवर पुस्तकांचा डोंगर आहे. त्यातली दोन नावं महत्त्वाची. पहिलं अल्बर्ट गोल्डमनचं 'एल्विस', १९८१. दुसरं पीटर गुरालनिकचं दोन खंडांचं चरित्र: 'लास्ट ट्रेन टू मेम्फिस' (१९९४) आणि 'केअरलेस लव्ह' (१९९९). दोन्ही खंड मिळून हजाराहून जास्त पानं.

गोल्डमन हा कोलंबिया विद्यापीठात शिकवलेला, शिकलासवरलेला माणूस. त्याचं पुस्तक वाचताना मला मळमळलं. एल्विसच्या व्यसनांवर त्याने लिहिलं म्हणून नव्हे, ती व्यसनं खरीच होती. त्रास झाला तो नजरेचा. हे लोक काय खातात, घर कसं भडक सजवतात, कसे बोलतात, आई कशी, बाप कसा, गावठी, अडाणी, उपजतच हीन. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या मजुरांबद्दलची ही शिसारी पानापानांवर आहे. ही नजर आपण ओळखतो. आपल्या जेवणाकडे, आपल्या आयांच्या भाषेकडे, आपल्या जयंतीच्या डीजेकडे हीच नजर बघत असते. तेव्हा एल्विसचा राग म्हणून कोणी गोल्डमनचं पुस्तक आपल्या हातात देत असेल तर सावध राहा. गरिबाचा तिरस्कार करणारं पुस्तक आपलं हत्यार होऊ शकत नाही.

गुरालनिक वेगळा. तो अभ्यासू आहे, सहानुभूतीने लिहितो, शेकडो माणसांशी बोलतो. त्याच्या पुस्तकातून जो मुलगा दिसतो तो असा: जन्म ८ जानेवारी १९३५, मिसिसिपीतलं टुपेलो. जुळा भाऊ मृत जन्मलेला. आई ग्लॅडिस कापड शिवण्याच्या कारखान्यात कामाला. बाप व्हर्नन चेकवरची रक्कम बदलल्याच्या गुन्ह्यात १९३८ मध्ये पार्चमनच्या तुरुंगात गेला. १९४८ मध्ये कुटुंब पोट भरायला मेम्फिसला आलं. सरकारी चाळीत घर मिळालं. १९५३ मध्ये हायस्कूल पूर्ण. १९५४ च्या जुलैत सन स्टुडिओत पहिलं गाजलेलं गाणं. १९७७ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मृत्यू.

गरिबी खरी होती. ती नाकारायची गरज नाही. पण आता त्याच चरित्रातले तपशील आपल्या डोळ्यांनी पुन्हा वाचा.

मेम्फिसमधली ती सरकारी वसाहत, लॉडरडेल कोर्ट्स, फक्त गोऱ्यांसाठी होती. ज्या ह्यूम्स हायस्कुलातून तो पास झाला, तेही फक्त गोऱ्यांसाठी. बाप ज्या पार्चमनमधून आठ महिन्यांत सुटला, त्याच पार्चमनच्या शेतांवर हजारो काळे कैदी गुलामीसारखं राबत होते. म्हणजे माझा सहकारी ज्याला 'काहीही आधार नसलेला' म्हणतो, त्या कुटुंबाला घर, शाळा आणि गावातली पत या तिन्ही ठिकाणी आरक्षण होतं. शंभर टक्के आरक्षण. फक्त त्याला कोणी आरक्षण म्हणत नव्हतं.

एल्विस जन्मला त्याच १९३५ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा ग्रंथ आला. त्यात त्यांनी मांडलं की गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळत असली तरी गोरेपणाची एक वेगळी मजुरी मिळते: मान, पोलिसांची वागणूक, शाळा, बागेत बसण्याचा हक्क. म्हणून तो काळ्या मजुराशी एकजूट करत नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल मांडलेलं आठवा: प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली कोणीतरी आहे याचं समाधान मिळतं, म्हणून जिना मोडायला तो पुढे येत नाही. दोन खंड, दोन व्यवस्था, त्या एकसारख्या नाहीत. पण या दोन विचारवंतांना एकमेकांचं दुःख कळत होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यु बॉइसना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यु बॉइसनी उत्तरही दिलं.

एक रात्र

गुरालनिकने सांगितलेला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. मेम्फिसच्या जत्रेच्या मैदानात खेळण्यांचा पार्क होता. तिथे काळ्यांसाठी ठराविक रात्र राखून ठेवलेली असायची. १९५६ मध्ये, प्रसिद्धी शिखरावर असताना, एल्विस त्या 'काळ्यांच्या रात्री' तिथे गेला. काळ्या वृत्तपत्राने त्याची कौतुकाने दखल घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात डब्ल्यूडीआयए या काळ्यांच्या रेडिओ केंद्राच्या कार्यक्रमाला तो हजर राहिला, बी. बी. किंगबरोबर फोटो काढले.

एल्विसचे भक्त हे प्रसंग पुरावा म्हणून पुढे करतात: बघा, त्याच्या मनात भेद नव्हता. मी म्हणतो, मान्य. नसेल. पण प्रश्न त्याच्या मनाचा आहेच कुठे? एल्विस काळ्यांच्या रात्री पार्कात जाऊ शकत होता. काळा मुलगा गोऱ्यांच्या दिवशी तिथे पाऊल ठेवू शकत नव्हता. सगळं या एका फरकात आहे. दार एकाच बाजूने उघडत होतं.

हे दार आपल्या ओळखीचं आहे. "मी तुमच्याकडे जेवतो, माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत" असं म्हणणारा भला माणूस आपल्या वस्तीत येतो, मटण खातो, गाणी ऐकतो, भारावून परत जातो. त्याच्या सोसायटीत आपल्याला भाड्याने घर मिळतं का? त्याच्या चांगुलपणावर शंका न घेताही हा प्रश्न विचारता येतो. विचारलाच पाहिजे.

संगीताचंही तसंच झालं. एल्विसचं ते पहिलं गाजलेलं गाणं, 'दॅट्स ऑल राइट', आर्थर 'बिग बॉय' क्रुडपचं. त्याने ते १९४६ मध्ये शिकागोत रेकॉर्ड केलं होतं. एल्विसने क्रुडपचं ऋण जाहीरपणे मान्य केलं होतं. पण ऋण मान्य केल्याने कर्ज फिटत नाही. क्रुडपला रॉयल्टीचे पैसे नीट मिळालेच नाहीत. तो मजुरी करून जगला. १९७१ मध्ये सुमारे साठ हजार डॉलरची तडजोड ठरली. म्हातारा क्रुडप मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेला, कागदांवर सह्या केल्या आणि ऐनवेळी प्रकाशन कंपनीने सही करायला नकार दिला. तो रिकाम्या हाताने घरी परतला. १९७४ मध्ये वारला. वारसांना पैसे मिळाले ते नंतर.

'हाऊंड डॉग' विली मे 'बिग मामा' थॉर्नटनने १९५२ मध्ये गायलं. १९५३ मध्ये काळ्यांच्या संगीताच्या यादीत ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे तिला मिळाला पाचशे डॉलरचा एक चेक. तीन वर्षांनी एल्विसने तेच गाणं गायलं आणि ते जगभर गेलं. थॉर्नटन १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका साध्या बोर्डिंग हाऊसमध्ये वारली.

इथेही सोपी गोष्ट सांगायचा मोह टाळा. 'हाऊंड डॉग' लिहिणारे लीबर आणि स्टोलर हे दोन गोरे ज्यू तरुण होते. थॉर्नटनची रेकॉर्ड काढणारा डॉन रोबी काळा होता, आणि त्याने गायिका आणि लेखक दोघांनाही पैशाला बुडवल्याची तक्रार आहे. आपल्यातलाच मालक आपल्याला लुटू शकतो, हे आपल्याला काय नवं आहे? उलट एल्विसलाही लुटलं. त्याचा मॅनेजर 'कर्नल' टॉम पार्कर ना कर्नल होता ना टॉम पार्कर. हॉलंडमधून आलेला, खरं नाव आंद्रेआस व्हान कुइक. तो कमाईतला निम्मा हिस्सा घेऊ लागला. १९७३ मध्ये जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीला चोपन्न लाख डॉलरला विकले आणि त्यातही मोठा वाटा उचलला.

पण फरक पाहा. लुटला जाऊनही एल्विस ग्रेसलँडच्या हवेलीत मेला. लुटला जाऊन क्रुडप मजुरीवर जगला. एकच बाजार, एकच लूट, तरी खाली पडण्याची खोली वेगळी. आणि ओटिस ब्लॅकवेल? 'डोन्ट बी क्रुएल' त्याने लिहिलं, पण एल्विसने ते गावं म्हणून गीतकार म्हणून एल्विसचंही नाव लावावं लागलं आणि निम्मं उत्पन्न सोडावं लागलं. ही एका माणसाची दुष्टाई नव्हती, तो धंद्याचा करार होता. पोस्टरवरच्या त्या खोट्या वाक्यात एक तोंडाळ माणूस दिसतो. या करारात अख्खी व्यवस्था सही करताना दिसते. म्हणून म्हणतो, खरा पुरावा जास्त भेदक आहे.

थोर कोणाला म्हणायचं

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी भाषण केलं: 'रानडे, गांधी आणि जिना'. चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं. थोर माणूस कोणाला म्हणायचं, याची त्यांनी तिथे चिकित्सा केली. प्रामाणिकपणा हवा, बुद्धी हवी, पण तेवढ्याने माणूस फक्त नामांकित ठरतो. थोर तो, ज्याला सामाजिक ध्येयाची ओढ आहे आणि जो समाजाची घाण साफ करायला हात घालतो. विभूतिपूजेबद्दल त्यांनी तिथे कठोर इशाराही दिला.

ही कसोटी एल्विसला लावू. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये दोन काळे सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. आम्हीही माणूस आहोत, एवढंच त्यांच्या फलकावर लिहिलेलं होतं. त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग त्या शहरात आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घातली गेली. त्याच शहरात ग्रेसलँड आहे. किंग यांच्या हत्येने एल्विस हादरला होता असं चरित्रं सांगतात आणि मला ते खरं वाटतं. त्या वर्षीच्या टीव्ही कार्यक्रमाचा शेवट त्याने 'इफ आय कॅन ड्रीम' या बंधुभावाच्या गाण्याने केला. गायला तो जीव ओतून. पण दोन वर्षांनी, डिसेंबर १९७० मध्ये, तो व्हाइट हाऊसमध्ये अध्यक्ष निक्सनना भेटायला गेला तो अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला मागायला. ज्या शहरात कचरा उचलणारे कामगार माणूसपण मागत होते, त्या शहराचा सगळ्यात मोठा आवाज त्यांच्यासाठी उठला नाही.

आवाज अप्रतिम. माणूस मनाने वाईट नव्हता. नामांकित, यात वाद नाही. बाबासाहेबांच्या अर्थाने थोर नाही. एवढं स्पष्ट आणि एवढंच म्हणायचं. 'चोर' म्हणायची गरज नाही, 'राजा' म्हणायची तर नाहीच. १९८९ मध्ये पब्लिक एनिमी या गटाच्या चक डी याने गाण्यातून एल्विसवर हल्ला केला. पुढे त्याने स्वतःच स्पष्ट केलं की त्याचा रोख एका गायकापेक्षा, राजेपद एकट्यालाच बहाल करण्यावर होता. आपलंही भांडण तेच आहे.

आता आपलं काम

चरित्र म्हणजे नुसती आठवण नाही, ती मालकीची नोंद आहे. एल्विसवर पुस्तकांचा डोंगर १९७७ नंतर उभा राहिला. बिग मामा थॉर्नटनचं पूर्ण चरित्र यायला २०१४ उजाडलं, मृत्यूनंतर तीस वर्षं. रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनात एल्विस १९८६ साली पहिल्याच तुकडीत गेला. थॉर्नटनचं नाव तिथे २०२४ मध्ये लागलं.

सिस्टर रोझेटा थार्पचं उदाहरण तर पाठ करून ठेवा. एल्विसच्या आधी इलेक्ट्रिक गिटार घेऊन चर्चची गाणी रंगमंचावर नेणारी ही काळी बाई १९७३ मध्ये वारली. तिच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. २००७ मध्ये गेल वॉल्ड या अभ्यासिकेने तिचं चरित्र लिहिलं. त्यातून लोक जागे झाले, कार्यक्रम करून निधी जमवला आणि कबरीवर दगड बसला. पुस्तकाने कबरीवर नाव कोरलं!

आता आरशात बघू. तमाशाच्या इतिहासात पठ्ठे बापूराव हे नाव मोठ्या अक्षरांत आहे. ते जन्माने ब्राह्मण, कुलकर्णी. ज्या पवळाबाईंच्या नाचगाण्यावर तो फड गाजला, त्या महार समाजातल्या बाईचं सविस्तर चरित्र तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय? शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' लिहून दलित तमासगीर स्त्रियांचा इतिहास जगापुढे ठेवला. पण हे काम एका विदुषीवर सोडून चालणार नाही. तुमच्या तालुक्यात जलशात गायलेला एखादा म्हातारा असेल. भीमगीतं लिहून वह्याच्या वह्या भरलेली एखादी आजी असेल. तिच्या गाण्याच्या कॅसेट कोणी काढल्या, नाव कोणाचं छापलं, पैसे कोणाला मिळाले? हे विचारायला आजच जा. फोनमध्ये रेकॉर्डर आहे. तारखा लिहा, गावं लिहा, करार असेल तर त्याचा फोटो घ्या. आठवणीत भर घालू नका. तिचा एखादा दोष कळला तर तोही लिहा, पूजेसाठी चरित्र लिहायचं नाही.

अभ्यासवर्गातल्या त्या तरुणाला मी पोस्टर डिलीट करायला लावलं. तो नाराज झाला. मग त्याला क्रुडपची न्यूयॉर्कवारी सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, माझे आजोबा पण जलशात ढोलकी वाजवायचे. त्यांचं नाव कुठेच नाही."

पुढच्या रविवारी तो वही घेऊन आजोबांच्या भावाकडे जाणार आहे. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यासाठी मी लॉडरडेल कोर्ट्सची गोष्ट तयार ठेवली आहे. जेवणाची सुट्टी रोजच होते.

जय भीम!